आधी कील पाहा, मग शिडं आणि प्रोपेलर

खडकवासल्याला डिंगीवर, म्हणजे छोट्या शिडाच्या बोटीवर, शिकलेल्या आपल्या पुणेकरांच्या हाताला एक सवय लागते. पाणी उथळ झालं की तळातून पाण्यात उतरणारी मधली फळी वर ओढायची. 30 फुटी क्रूझिंग, म्हणजे लांबच्या सफरीच्या, बोटीत सहसा ही सोय नसते. म्हणून अशी शिडाची बोट विकत घेताना दोन बोटींत मन अडकलं असेल, तर आधी कील पाहा, म्हणजे त्या फळीच्या जागी बोटीच्या तळाला पक्का बसवलेला वजनदार भाग. बाकीचं पुढे बदलता येतं.

लांब कीलची बोट सरळ चालते, सुकाणूशी फार झगडावं लागत नाही, लाटांतही शांत वाटते. पण ती सावकाश वळते आणि रिव्हर्समध्ये फारसं ऐकत नाही. फिन कीलची, म्हणजे माशाच्या परासारख्या आखूड, खोल कीलची, बोट चटकन वळते आणि वारा जिकडून येतो त्या दिशेच्या जास्त जवळून जाते. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारचा वारा बहुतेक वायव्येचा. गोव्याकडे जाताना तो पाठीशी, परतताना तोंडावर. वेग 5 नॉट (तासाला 5 सागरी मैल) धरला, तर वाऱ्याशी 45 अंशांवर चालणारी बोट तासाला वाऱ्याच्या दिशेने साधारण 3.5 सागरी मैल चढते, 50 अंशांवरची जेमतेम 3.2. दिवसभरात हा फरक जाणवतो. मात्र खोल फिन घेऊन खाडीच्या तोंडच्या वाळूवर भरतीची वाट पाहावी लागते. जोडकील, म्हणजे शेजारी-शेजारी दोन कील असलेली बोट, ओहोटीत चिखलावर उभी राहते, पण वाऱ्यावर चढताना मागे पडते.

शिडांचं थोडक्यात सांगतो. उन्हाने थकून पोट सुटलेलं शीड बोट जास्त कलवतं आणि वाऱ्यापासून दूर ढकलतं. अशा शिडांखाली महागडी फिन कील वाया जाते. साध्या डेक्रॉन कापडाची नवी शिडं घ्या.

प्रोपेलरकडे लोक फार दुर्लक्ष करतात, याचं मला वाईट वाटतं. तीन पात्यांचा फिक्स्ड प्रोपेलर इंजिनावर छान, पण शिडावर अर्धा नॉट सहज खातो. सकाळच्या मंद वाऱ्यात अर्धा नॉट म्हणजे पुष्कळ. शिडावर असताना पाती मिटणाऱ्या फोल्डिंग प्रोपेलरचा अडथळा सर्वांत कमी, पण रिव्हर्स बहुधा कमजोर. पाती फिरवून पाण्याच्या प्रवाहाशी समांतर करणारा फेदरिंग दोन्हीकडे चांगला, फक्त महाग, आणि ग्रीसिंग चुकवून चालत नाही. लांब कीलमध्ये प्रोपेलर बहुधा सुकाणूपुढच्या खाचेत असतो. तिथे फोल्डिंगला जागा मिळणं कठीण. तिथे दोन पात्यांचा फिक्स्ड बसवा, पाती उभी केव्हा आहेत ते कळायला प्रोपेलरच्या दांड्यावर (शाफ्टवर) खूण करा आणि शिडावर असताना पाती उभी लॉक करा. ती कीलच्या आड लपतात, खर्चही वाचतो.

माझा कौल मध्यम खोलीच्या फिन कीलला आणि फेदरिंग प्रोपेलरला. पैसे कमी पडले, तर आधी शिडं आणि पुढच्या हंगामात प्रोपेलर. फक्त सौद्याआधी बोट पाण्याबाहेर काढायला लावा आणि कील जिथे बोटीच्या मुख्य अंगाला (हल) जोडली आहे तो सांधा बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरसोबत स्वतः पाहा.