मोरा ते भाऊचा धक्का: लाँचला साडेतीन तारे

उरणची लोकल सुरू झाल्यापासून पेढीवरचे सगळे एकच विचारतात, "अजून लाँचनेच येतेस?" हो, येते. मशीद बंदरला एका सुक्यामेव्याच्या पेढीवर मी हिशेब लिहिते, त्याला अकरा वर्षं झाली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणची रेल्वे एकाच दिवशी सुरू झाली, तेव्हा महिनाभर लोकलही करून पाहिली. नेरूळ नाहीतर बेलापूरला गाडी बदला, मग हार्बरला लटका. मशीदला दारात सोडते हे खरं, पण उतरेपर्यंत अर्धा जीव गेलेला असतो. लाँचने पाऊण तास, बसायला जागा, उजव्या हाताला घारापुरी, आणि पुढे धक्क्यावरून टॅक्सी. मी परत समुद्रावर आले.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी आधी कालनिर्णय बघावं, मग घड्याळ. लाँच जिथून सुटते त्या उरणच्या मोरा बंदरात गाळ आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते, म्हणजे मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळ, नेमकी आमच्या कामाच्या वेळेला. पाणी ओसरलं की लाँच जेटीला लागत नाही. मग खिडकीवर पाटी लागते आणि सगळे रिक्षा पकडायला धावतात. माझा अर्धा तारा या गाळात गेला.

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात, आमची चालू राहते. तिकीट मात्र वाढतं आणि त्यावर दर जूनला खिडकीशी भांडण होतं. मीही भांडलेय. मग एकदा तांडेलांनी, म्हणजे लाँच चालवणाऱ्यांनी, केबिनच्या बाहेरची पाटी दाखवली. परवान्यावर माणसांचे दोन आकडे असतात, एक उघाडीच्या दिवसांचा, एक पावसाळ्याचा, आणि पावसाळ्याचा कमी. डिझेल तेवढंच जळतं, माणसं कमी. हे खिडकीवर दोन ओळींत लिहून लावलं असतं तर अकरा वर्षांतली निम्मी भांडणं वाचली असती.

बावट्याच्या बाबतीत मात्र मी यांना पूर्ण तारा देते. बंदरात तीन नंबरचा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा, बावटा लागला की फेरी नाही, मग नवरा नगरसेवकाच्या ओळखीचा असो नाहीतर लग्नाचं वऱ्हाड असो. एकदा आभाळ स्वच्छ, पाणी शांत आणि तरी बावटा वर. लोक तांडेलांवर तुटून पडले. ते जागचे हलले नाहीत. "बंदरावरून उतरवला की सोडतो," एवढंच म्हणाले. तासाभराने वारा असा सुटला की जेटीवरच्या छत्र्या उलट्या झाल्या. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेंहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. माझी आजी गटारीला समुद्राकडे तोंड करून बसायची नाही.

आता मोजणीचं. खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाची चाचणी चालली होती, ताबा सुटला. पंधरा जण गेले. धडक काही नीलकमलच्या तांडेलाच्या चुकीने झाली नव्हती. पण बोटीचा परवाना ८४ प्रवासी नि ६ खलाशांचा होता आणि आत शंभराच्या वर माणसं होती, हे नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी धक्क्यावर परतीच्या लाँचची वाट बघत होते. आम्ही चढलो तेव्हा कुणी बोलत नव्हतं, आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी वर छताखाली बांधलेल्या, बुडताना तरंगवणाऱ्या जाकिटांकडे पाहिलं.

ती सुतळीने बांधलेली होती. गठ्ठाच्या गठ्ठा, गाठीवर गाठ, वर रंगाचा एक हातही बसलेला. मी बाकावर उभी राहून एक सोडवायला गेले, नखं तुटली, गाठ सुटली नाही. तांडेल ओशाळले. "चोरीला जातात ताई. भरून मीच द्यायची, मग काय करू?" त्यांचंही खोटं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात बंदर खात्याचा माणूस तपासणीला आला. दंडाची पावती फाडेल असं आम्हाला वाटलं. त्याने जाकिटं मोजली, गाठी पाहिल्या आणि तांडेलांशेजारी बाकावर बसून चहा मागवला. दोघांचं बरंच चाललं. एक म्हणे बाकाखाली ठेवा, दुसरा म्हणे बाकाखाली मासळीचं पाणी जातं, कुजतील. शेवटी एका म्हाताऱ्या खलाशाने सरकगाठ मारून दाखवली, एक टोक ओढलं की पाच जाकिटं खाली. आता प्रत्येक खांबावर ते लाल टोक लोंबतं. मी ओढून बघितलंय. सुटतं. वर्षभरात तीन जाकिटं गेली म्हणतात.

तेव्हापासून लाँचवर चढायच्या फळीपाशी डोकी मोजली जातात. एका हाताने खलाशी म्हातारीला आत घेतो, बाजूला खात्याचा मुलगा हातातलं यंत्र टकटक दाबतो, आणि आकडा भरत आला की तांडेल स्वतः खिडकीला फोन करतात, "बस, तिकीट बंद." गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सात जण तिकीट हातात घेऊन उभे राहिले. खिडकीची चूक होती. खात्याचा मुलगा नवा, बावरला. तांडेलच खाली उतरले, पुढच्या फेरीला पहिली जागा तुमची म्हणून सांगितलं आणि फळी ओढून घेतली. दोघांपैकी एकटा असता तर ते सात आत आले असते, याची मला खात्री आहे.

एक तारा उरलाय तो का कापला, तेही सांगते. मोजणारा मुलगा संध्याकाळी सहाला घरी जातो. शेवटच्या लाँचला, जिला सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात जास्त अंधार, फळीपाशी फक्त खलाशी. तो मोजत नाही असं नाही, पण एका हाताने टोपल्या झेलत मोजतो. शिवाय जाकीट घालायला सांगितलं की बायका म्हणतात साडी चुरगळते, पुरुष हसतात, आणि मी स्वतः मांडीवर घेऊन बसते, घालत नाही. उकडतं.

बसायचं तर मागच्या बाजूला, इंजिनापासून दोन बाक सोडून. पुढे शिंतोडे येतात. सुट्टे पैसे ठेवा. लहान मुलांची जाकिटं वेगळी आहेत, डाव्या बाजूच्या पेटीत, मागितल्याशिवाय कुणी देत नाही, म्हणून मागा.

हल्ली शेवटच्या लाँचला डोकी मीच मोजते, हिशेबाची सवय. परवा तांडेलांना जाऊन आकडा सांगितला. त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला धरून का सोडून?"