वाढत्या स्वतंत्र वितरण कंपनीकडे संगीत आणि माहितीपट दिल्यानंतरचा अनुभव

स्वतंत्रपणे काम करणारे कलावंत वितरक, म्हणजे आपले काम ऑनलाइन सेवांपर्यंत पोहोचवणारी कंपनी, निवडताना सर्वांत आधी विचारतात ते हेच, की आपले काम किती प्लॅटफॉर्मवर पोहोचेल. अनेक महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न यादीत बराच खाली असायला हवा. पोहोच आज जवळपास सगळेच वितरक देतात. आपण पाठवलेल्या फाइल आणि त्यांच्यासोबतचा तपशील कंपनीतले कोणी माणूस खरोखर वाचते का, यावर पुढचे बहुतेक सगळे ठरते, आणि कंपनी वाढू लागली की सर्वप्रथम ओढाताण होते ती नेमकी याच कामाची.

आम्ही एक वाद्यसंगीताचा अल्बम आणि तेच संगीत वापरलेला एक पूर्ण लांबीचा माहितीपट एकाच स्वतंत्र कंपनीकडे दिला. ही कंपनी मुळात संगीताची होती, चित्रपटांचा विभाग तिने नंतर उघडला, आणि आमच्या वापराच्या काळातच तिचा कॅटलॉग झपाट्याने वाढला. कंपनीचे नाव येथे दिलेले नाही. जे मुद्दे मांडतो आहे ते या आकाराच्या कोणत्याही वितरकाला लावून पाहता येतील.

संगीताची सुरुवात फार चांगली झाली. आमचे काही ट्रॅक आधीच्या वितरकाकडून येथे आणायचे होते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड असतो आणि वितरक बदलला तरी तो बदलायचा नसतो. तोच कोड, तीच फाइल आणि तेच तपशील राहिले तर आधी जमलेली ऐकणाऱ्यांची संख्या आणि प्लेलिस्टमधली जागा सहसा टिकते. कंपनीतल्या एका ताईंनी अपलोड सुरू होण्याआधीच जुन्या कोडची यादी मागवून घेतली आणि एका रचनेच्या स्टुडिओतल्या व मैफिलीतल्या अशा दोन्ही मुद्रणांवर एकच कोड पडला असल्याचे दाखवून दिले. ही दोन वेगळी मुद्रणे असल्याने त्यांना वेगळे कोड लागतात. ही गोष्ट संगणकाने आपोआप पकडली नव्हती, कोणीतरी यादी ओळीओळीने वाचली होती.

नंतरचा सिंगल दिला तेव्हा चित्र बदललेले होते. संपर्क आता तिकीट-प्रणालीतून, म्हणजे प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेतून, होत होता, तपासणी स्वयंचलित झाली होती, आणि आमच्या समूहाच्या नावाशी साधर्म्य असलेल्या भलत्याच कलावंताच्या पानावर आमची रचना जाऊन बसली. दुरुस्ती झाली, पण तोवर प्रदर्शनाचा पहिला आठवडा, म्हणजे नव्या रचनेसाठी सर्वांत मोलाचा काळ, हातातून गेला. प्रत्येक तिकिटाला वेगळी व्यक्ती उत्तर देत होती आणि प्रत्येकीला सगळे पहिल्यापासून सांगावे लागत होते.

पैशांच्या बाबतीत मला तक्रार नाही. स्टेटमेंट दोन-तीन महिने मागे असते, पण प्लॅटफॉर्मच मुळात उशिरा हिशेब देतात, तेव्हा त्यात वितरकाचा दोष नाही. ट्रॅक, देश आणि सेवा यांनुसार वेगळ्या ओळी मिळतात, आणि वादकांचे वाटे आम्हाला हाताने वाटावे न लागता थेट त्यांच्या खात्यात जातात. समूहात काम करणाऱ्यांसाठी ही सोय फार मोठी आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या ट्रॅकला मुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही, हा बदल कंपनीने लागू होण्याआधी स्पष्ट कळवला होता.

माहितीपटाचा अनुभव अधिक सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण संगीत अपलोड करणे आणि चित्रपट डिलिव्हर करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाण्याला एक ध्वनिफाइल, मुखपृष्ठ आणि तपशील पुरतात. चित्रपटाला उच्च दर्जाचा मास्टर (अंतिम मूळ प्रत), मजकूर नसलेले पोस्टर, सबटायटल, ट्रेलर, वापरलेल्या प्रत्येक संगीतखंडाची नोंद असलेली क्यू शीट आणि हक्कांची कागदपत्रे लागतात. काही ठिकाणी दायित्व विमाही, म्हणजे हक्कभंगासारख्या दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा, मागतात. यांपैकी एकही गोष्ट अडली की सगळेच अडते.

आमच्या माहितीपटाची सबटायटल सेकंदाला २४ फ्रेमच्या कच्च्या प्रतीवर बसवलेली होती, आणि रंगसंस्करणानंतरचा मास्टर आला तो २३.९७६ फ्रेमचा. फरक हजारात एक भाग एवढाच. पहिल्या काही मिनिटांत तो डोळ्याला जाणवतही नाही, पण तासाभरात तो साडेतीन सेकंदांच्या पुढे जातो. शेवटच्या भागात एक वृद्ध कारागीर प्रश्न ऐकून बराच वेळ गप्प राहतात आणि मग उत्तर देतात. तेथे त्यांचे उत्तर ते गप्प असतानाच पडद्यावर उमटत होते. तपासणाऱ्या माणसाने चित्रपट शेवटपर्यंत पाहिला, टाइमकोडसह नोंदी पाठवल्या आणि कारणही लिहिले. सुरुवातीची दहा मिनिटे पाहून फाइल पुढे ढकलली असती, तर त्या प्रसंगाचा जीवच गेला असता. या एका नोंदीसाठी मी या कंपनीचा मनापासून आभारी आहे.

मात्र त्याच कंपनीच्या दोन विभागांत आपसांत बोलणे होत नाही, हेही याच काळात लक्षात आले. संगीत विभागाने आमचा अल्बम यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये नोंदवला होता. ही प्रणाली नोंदवलेला ध्वनी कुठल्याही व्हिडिओत सापडला की आपोआप हक्क सांगते. चित्रपट विभागाने ट्रेलर चढवला, त्यात आमचेच संगीत होते, आणि त्यावर आमच्याच वतीने दावा लागला. जाहिरातींचे उत्पन्न अडकले, शिवाय माहितीपट दाखवू इच्छिणाऱ्या एका आयोजकांना हक्कांबद्दल शंका आली. चॅनेल सूटयादीत, म्हणजे ज्यांवर दावा लागू नये अशा चॅनेलांच्या यादीत, घालणे एवढाच उपाय होता, परंतु तो कोणी करायचा यावर दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. संगीत आणि चित्रपट एका छताखाली देण्याचा मुख्य फायदा हाच असायला हवा की असे प्रसंग येऊच नयेत. ज्यांच्या चित्रपटात स्वतःचेच संगीत आहे त्यांनी ट्रेलर जाण्याआधी या सूटयादीची लेखी खात्री करून घ्यावी.

वाढत्या कंपनीबाबत करारातली एक बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे मालकी. या क्षेत्रात यशस्वी स्वतंत्र कंपन्या विकत घेतल्या जाणे नेहमीचे आहे. १९९८ मध्ये सुरू झालेली सीडी बेबी २००८ मध्ये डिस्क मेकर्सकडे गेली; ट्यूनकोर २०१५ मध्ये फ्रान्सच्या बिलीव्हने घेतली; त्याच वर्षी सोनीने द ऑर्चर्डची पूर्ण मालकी मिळवली, आणि २०१९ मध्ये ऑर्चर्डचा चित्रपट विभाग संगीतापासून वेगळा होऊन दुसऱ्या कंपनीकडे गेला. याच २०१९ मध्ये डिस्ट्रिबर ही निर्मात्यांचे चित्रपट ऑनलाइन सेवांपर्यंत पोहोचवणारी अॅग्रिगेटर कंपनी बंद पडली तेव्हा अनेक निर्मात्यांचे पैसे अडकले होते. म्हणून मालकी बदलल्यास आपल्याला बाहेर पडता येते का, कराराची मुदत किती, काम काढून घेण्यासाठी किती दिवसांची सूचना द्यावी लागते आणि निर्मात्यांचे पैसे कंपनीच्या खर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवले जातात का, हे आम्ही लेखी विचारले. पहिल्या तिन्हींची उत्तरे स्पष्ट मिळाली. संगीताच्या करारात मालकी बदलल्यास बाहेर पडण्याचे कलमही जोडून मिळाले. पैशांच्या वेगळ्या खात्याबद्दलचे उत्तर मात्र गोलमोल होते.

वाढीला माझा विरोध नाही. कॅटलॉग मोठा असल्याशिवाय छोट्या वितरकाचे म्हणणे प्लॅटफॉर्म ऐकून घेत नाहीत, आणि आमचा माहितीपट भाड्याने देणाऱ्या दोन मोठ्या सेवांवर गेला तो कंपनीचे वजन वाढल्यामुळेच. पण येणाऱ्या कामाच्या प्रमाणात काम पाहणारी माणसे वाढवावी लागतात. चित्रपट विभागात ती वाढली आहेत, संगीत विभागात नाहीत, आणि वापरणाऱ्याला हा फरक पहिल्याच देवघेवीत कळतो.

पुढचा अल्बम आम्ही याच कंपनीकडे देत आहोत, कारण हिशेब चोख आहे आणि बाहेर पडण्याची वाट करारात मोकळी आहे. फक्त कलावंताच्या पानाची जोडणी तपासायला वेळ मिळावा म्हणून या खेपेस प्रदर्शनाच्या पुरेसे आधी सगळे पाठवणार आहोत. माहितीपटाचे भाड्याचे आणि विक्रीचे हक्क त्यांच्याकडेच आहेत. सबस्क्रिप्शनचे हक्क मात्र खात्याबद्दलचे उत्तर लेखी मिळेपर्यंत आम्ही स्वतःकडे ठेवले आहेत.