क्रूझचं पॅकिंग : काही महिने वापरल्यावर बॅगेत काय राहिलं, काय बाहेर गेलं

क्रूझला जायचं ठरलं की सगळे आधी कपडे काढतात. इतके महिने हे सामान वापरल्यावर मला मात्र ठाम वाटतं की कपडे सगळ्यात शेवटी बघायचे. आधी जहाज कसं चालतं ते समजून घ्यायचं. केबिनच्या भिंती पोलादाच्या असतात, प्लग मोजके असतात, मोठी बॅग पहिले काही तास आपल्याकडे नसते, आणि एकदा जहाज सुटलं की विसरलेली वस्तू जहाजावरच्या दुकानात मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढच्या पोर्टपर्यंत थांबा. हे डोक्यात ठेवून जे घेतलं ते टिकलं. बाकीचं हळूहळू बाहेर गेलं.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला विचाराल तर साधी छोटी सॅक. चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा पोर्टवरच घेतात, त्या स्कॅन होऊन केबिनच्या दाराशी यायला दुपार उलटते, कधी कधी संध्याकाळही होते, आणि तोवर आपण जहाजावर असतो, स्विमिंग पूल समोर दिसत असतो आणि पोरं कपडे मागत असतात. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंगचे कागद, रोजची सगळी औषधं, चष्मा, चार्जर, पोहायचे कपडे आणि एक बदलायचा जोड, एवढं सॅकमध्येच. औषधं मूळ स्ट्रिपमध्ये आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, यात मी अजिबात तडजोड करत नाही. जहाजावर डॉक्टर असतात पण तुमची नेमकी गोळी त्यांच्याकडे असेलच असं नाही. पॉवर बँकही सॅकमध्येच, कारण विमानाने पोर्टपर्यंत जायचं असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, आणि १०० वॅट-अवरच्या आतली असेल तर सहसा कोणी अडवत नाही. शेवटच्या रात्रीही हीच सॅक लागते. बऱ्याच जहाजांवर मोठ्या बॅगा त्या रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट पोर्टवरच परत भेटतात, मग सकाळचे कपडे, बूट आणि ब्रश बाहेर काढून ठेवले नसतील तर पंचाईत.

कागदांचं अजून एक, कारण हे बरेच जण बघतच नाहीत. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर पुढे सहा महिने तरी असावी, अनेक देश आणि क्रूझ कंपन्या हे मागतात. आणि रूट नीट वाचा. जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशात जाऊन परत पहिल्याच देशात येत असेल तर ती दुसरी एन्ट्री धरली जाऊ शकते, आणि हातात सिंगल एन्ट्री व्हिसा असेल तर अडचण होते.

बॅगेला लावायचे टॅग आपणच प्रिंट करायचे असतात. नुसता कागद स्टेपल केला तर ढकलाढकलीत फाटतो, म्हणून पारदर्शक प्लास्टिकची टॅगची पाकिटं घेतली. मस्त चालतात, पावसातही, आणि तीच परत परत वापरतेय.

आता मॅग्नेटवाले हुक, यावर जरा सविस्तर लिहिते कारण घेताना काय बघायचं ते कोणी सांगत नाही. केबिनच्या भिंती आणि बहुतेक ठिकाणी छतसुद्धा पोलादाचं असतं, त्यामुळे हुक लावले की टोप्या, ओले कपडे, पिशव्या, जॅकेट सगळं जमिनीवरून वर जातं आणि एवढीशी केबिन एकदम मोठी वाटायला लागते. पण पाकिटावर जे वजन लिहिलेलं असतं ते हुक सरळ ओढला तर पेलणारं वजन असतं. भिंतीवर लावला की वजन खाली खेचतं आणि हुक घसरतो, त्यामुळे भिंतीवर त्याच्या बऱ्याच कमी वजनाचीच अपेक्षा ठेवा. जड काही अडकवायचं तर छताला लावा, तिथे तोच हुक घट्ट बसतो. माझ्याकडे दोन प्रकार आहेत. मागे रबराची चकती असलेले घसरत नाहीत आणि भिंतीवर ओरखडेही पाडत नाहीत, साधे चकचकीत मात्र ओल्या स्विमसूटच्या खाऱ्या पाण्याने काही महिन्यांत गंजायला लागले. थोडे जास्त पैसे गेले तरी रबरवालेच घ्या. केबिनच्या कार्डापासून ते लांब ठेवा, मॅग्नेटिक पट्टीचं कार्ड असेल तर खराब होऊ शकतं. कोणाला पेसमेकर असेल तर ही जोरदार मॅग्नेट त्यांच्याजवळ नकोतच. आणि आग विझवायच्या स्प्रिंकलरला कपडे अडकवू नका, कितीही सोयीचं दिसलं तरी. बाल्कनीत तर काहीच वाळत घालू नका, वाऱ्याने ते समुद्रात जातं आणि परत येत नाही.

प्लगबद्दल. बऱ्याच जहाजांवर केबिनमध्ये ११० व्होल्टचा अमेरिकन चपट्या पिनांचा आणि २२० व्होल्टचा युरोपियन गोल पिनांचा, असे दोन प्रकारचे सॉकेट असतात, नव्या जहाजांवर यूएसबीही असतं. घरचा सर्ज प्रोटेक्टरवाला, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा, एक्स्टेंशन बोर्ड मात्र नेऊ नका, तो सिक्युरिटीवाले काढून घेतात आणि ते बरोबरच आहे. जमिनीवरच्या वायरिंगमध्ये एक तार अर्थ केलेली असते, जहाजावर सहसा तशी नसते, दोन्ही तारांत विजेचा दाब असतो, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टर तिथे नीट काम करत नाही, गरम होऊन पेट घेऊ शकतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने यावर मुद्दाम सेफ्टी अलर्ट काढला होता. समुद्रात आग ही सगळ्यात भयंकर गोष्ट, तिथे पळायला जागा नसते, त्यामुळे या नियमांवर कुरकुर करणाऱ्यांचं मला पटत नाही. मी चार पोर्टचा साधा यूएसबी चार्जर वापरते, सगळ्यांचे फोन आणि घड्याळं त्यावर होतात, आणि इतक्या महिन्यांत त्याने काही त्रास दिला नाही. काही कंपन्या आता कुठलाच मल्टिप्लग चालू देत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी निघायच्या आधी त्यांची बंदीची यादी वाचा. इस्त्री, किटली, मेणबत्ती सहसा त्या यादीत असतेच.

आईला बोट लागते, त्यामुळे त्यासाठीची तयारी आमच्याकडे पक्की झालीय. मेक्लिझिनसारखी गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, पोट ढवळायला लागल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच तीन दिवस चालतो, आईला त्याचा चांगला गुण येतो पण तोंड कोरडं पडतं. पॅच हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं. काचबिंदू असणाऱ्यांनी आणि वयस्कर माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात लावू नये. बुकिंग करताना मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन मिळाली तर घ्या, तिथे जहाज सगळ्यात कमी हलतं. हे पॅकिंग नाही, पण निम्मं औषध तेच आहे.

सॅनिटायझरची मोठी बाटली बाहेर गेली. जहाजांवर उलट्या-जुलाब करणाऱ्या ज्या नोरोव्हायरसची भीती असते त्यावर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट काम करत नाही, साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात धुणं हेच खरं. आता कागदी साबणाची छोटी डबी सॅकमध्ये असते, किनाऱ्यावर उतरल्यावर तिचा फार आधार वाटतो.

पॅकिंग क्यूब्स, म्हणजे बॅगेत कपडे वेगवेगळे ठेवायच्या चौकोनी पिशव्या, साधेच घ्या, जाळीवाले. ते थेट केबिनच्या ड्रॉवरमध्ये जातात, बॅग पलंगाखाली सरकवायची आणि संपलं. हवा दाबून बसवणारे कॉम्प्रेशनवाले वापरले, जागा वाचते खरी पण त्याच जागेत आपण अजून कपडे कोंबतो आणि विमानाला वजन जास्त होतं, वर कपडे चुरगळतात आणि इस्त्री तर नेता येत नाही.

कपड्यांत फार सांगण्यासारखं नाही. फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र, असेल तर एक चांगला जोड, रोजचे हलके कपडे, आणि वारा अडवणारं जॅकेट मात्र हवंच, उन्हाळी रूटवरसुद्धा, कारण संध्याकाळी डेकवर वारा झोंबतो आणि आत एसी. कॅरिबियनला जाताय तर मिलिटरी छापाचे कपडे घरीच ठेवा, बार्बाडोस, जमैका अशा देशांत सामान्य माणसाने ते घालायला कायद्यानेच बंदी आहे, लहान मुलांनीसुद्धा. सनस्क्रीनचंही तसंच, हवाईमध्ये १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन विकायला बंदी आहे, प्रवाळांना त्यापासून धोका असतो म्हणून. मी झिंक ऑक्साइडवालं वापरते. चेहरा जरा पांढरट दिसतो, गडद कपड्यांवर डाग राहतात, पण ऊन नीट अडवतं आणि मला ते मनापासून पटतं.

छोट्या वस्तूंत साधं हातघड्याळ. फोन एअरप्लेन मोडवर ठेवावाच लागतो, नाहीतर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जाऊन रोमिंगचं बिल येतं, आणि पोर्टवर उतरल्यावर फोन तिथली वेळ दाखवतो, जी जहाजाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते. जहाज सुटतं ते सहसा त्याच्या स्वतःच्या वेळेने, आणि स्वतंत्र फिरायला गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. चढल्या चढल्या घड्याळ जहाजाच्या वेळेला लावते आणि दिवसभर तेच बघते.

बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवे घालवले की मिट्ट काळोख होतो, हात समोर धरला तरी दिसत नाही, म्हणून बॅटरीवरचा, हालचाल झाली की लागणारा छोटा दिवा बाथरूमच्या दाराजवळ मॅग्नेटने चिकटवतो. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर हा घ्याच. केबिनचं कार्ड हीच किल्ली, तेच ओळखपत्र आणि खर्चही त्यावरच, त्यामुळे गळ्यात अडकवायची दोरी सगळ्यांना दिलीय, मुलांसाठी मात्र ओढली की सुटणाऱ्या क्लिपची.

टॉवेल, हेअर ड्रायर आणि दारावर लटकवायचा बुटांच्या कप्प्यांचा पडदा हे तिन्ही काढून टाकलं. पहिले दोन सहसा जहाजावर मिळतात, पडद्याचं काम हुक करतात. त्या जागेत आता पाण्यात घालायचे बूट येतात. खडकाळ किनाऱ्यावर चपलेने चालवत नाही आणि गरम वाळूत अनवाणी तर नाहीच. फक्त तळवा जाड असलेले घ्या, पातळ तळव्याच्या जोडाला टोकदार खडकांनी काही महिन्यांतच भोकं पडली.