कोऱ्या म्हणून घासलेल्या हार्डडिस्क गळ्यात मारल्या, ₹७६,८०० गेले

सीगेट कंपनीच्या एक्सॉस मालिकेतल्या हार्डडिस्क, १६ टीबी, चार नग. एक ₹१९,२०० ला, एकूण ₹७६,८००. तीच डिस्क बाकी दुकानांत २७ हजारांच्या पुढे होती. ‘प्रोजेक्टचा उरलेला लॉट आहे’ हे दुकानदाराचं कारण पटलं, कारण असे लॉट खरंच निघतात. हावेपोटी डोळे मिटून घेतल्या असं कोणी म्हणू नये. स्मार्ट रीडिंग (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढलं होतं: पॉवर-ऑन तास, म्हणजे डिस्क चालू राहिलेले तास, २; रिअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाल्याने बदललेले भाग, ०. लाँग टेस्ट, म्हणजे डिस्कने केलेली स्वतःची पूर्ण तपासणी, तीही पास. घरच्या सर्व्हरसाठी याहून जास्त किती जण तपासतात?

पण कळायला हवं होतं, आणि पहिल्याच दिवशी. केसमध्ये बसवताना स्क्रूच्या भोकांतले आटे घासलेले दिसले. केबल जोडायच्या साटा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक ओरखडे होते. कोऱ्या डिस्कवर हे सहसा नसतं. मी ते बघितलं, आणि तरी स्क्रू आवळले. सील फोडल्याला तेव्हा दहा मिनिटंही झाली नव्हती, दुकान उघडं होतं. याची चीड अजून जात नाही.

चार डिस्क मिळून रेड-झेड-१ या पद्धतीचा एकच साठा केला होता. त्यात एकच डिस्क गेलेली चालते. पाचव्या आठवड्यात एक गेली. ₹२७,४०० ची नवी लावून रिसिल्व्हर, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा नवीवर पुन्हा उभा करणं, सुरू केलं. त्यात उरलेल्या डिस्क तासन्‌तास सलग वाचल्या जातात, आणि अर्ध्यात दुसरीने रीड एरर दिले. एकत्र झिजलेल्या डिस्क एकत्रच मान टाकतात. जुन्या मालावर रेड-झेड-२ च्या, म्हणजे दोन डिस्क गेलेल्या चालतात त्याच्या, खाली जाऊच नका. फोटो वेगळ्या डिस्कवर होते म्हणून वाचले.

मग फार्म लॉग, म्हणजे सीगेटची डिस्क आतच ठेवते ती आणखी एक नोंद, काढला: ३१,४१२ तास. म्हणजे साडेतीन वर्षं अखंड चाललेली डिस्क! स्मार्टचे आकडे पुसता येतात, सीगेटचा फार्म लॉग वेगळा राहतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत ‘हाइजे’ या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या माध्यमाने हाच प्रकार उघड केला होता. हा लॉग वाचायला स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरची ७.४ किंवा पुढची आवृत्ती लागते. डिस्क थेट साटा पोर्टला जोडा, यूएसबी डॉकवर भरवसा नको. फार्मही शून्य दाखवला तरी आटे बघाच.

दुकानदार म्हणाला, सील फोडलं, आता परत नाही. चौकीत म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” सायबरवाल्यांकडे गेलो, तर दुकानातून घेतलं म्हणजे आमच्याकडे येत नाही. तिथून परत चौकीत. फार्म लॉगचा प्रिंट पुढे केला, तो साहेबांनी वाचलाही नाही. हार्डडिस्क तर चार-पाच हजारांत मिळते, इतके कशाला दिले म्हणून मलाच विचारलं. ग्राहक हेल्पलाइनवरची तक्रार ‘विक्रेत्याने नकार दिला’ एवढ्या शेऱ्यावर बंद. तीन खेपा, तीन अर्धे दिवस, आणि एकाही कागदावर पोच नाही.

डिस्क घेतल्यावर करायची बॅडब्लॉक्स या प्रोग्रामची चार पॅटर्नची लिहून-वाचून चाचणी १६ टीबीला सात-आठ दिवस घेते. घेऊ द्या. लाँग टेस्ट फक्त वाचते. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी पाहा, पैसे देण्याआधी, काउंटरवरच.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. मी तक्रार टाकली आहे. पण १८ टक्के जीएसटी वाचवायला पक्कं बिल घेतलं नव्हतं. हातात यूपीआयची नोंद आणि एक कच्ची चिठ्ठी आहे, आणि त्या चिठ्ठीवर एकाही डिस्कचा सिरियल नंबर नाही.