निफाडची थंडी, जुनी डिझेल गाडी आणि दोन हिवाळे

अण्णांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, नाशिकला, सकाळी सातचं. निफाडजवळच्या आमच्या वस्तीवरून साडेपाचला गाडी हललीच पाहिजे. मशीन ठरलेल्या वेळेचं असतं, उशीर झाला की पुढच्या पेशंटचं गणित बिघडतं आणि अण्णांचे तास कमी होतात. म्हणून थंडीत गाडी सुरू होत नाही ही आमच्या घरात किरकोळ तक्रार नव्हती. दुरुस्तीनंतर आता चौदा महिने झाले, त्यात दोन हिवाळे आले. काय केलं, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि कशाचे पैसे उगाच गेले, ते सविस्तर लिहितोय.

गाडी २०१३ची, चार सिलिंडरची डिझेल हॅचबॅक. एक लाख तीस हजार किलोमीटर झालेली. निफाडची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा डिसेंबर-जानेवारीत पेपरात येतो, पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, आणि द्राक्षवाले मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागतात. अशा पहाटे किल्ली फिरवली की सेल्फ घर्र… घर्र… करत जड फिरायचा. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला इंजिन एखाद्या सिलिंडरवर धडधडायचं, मागून पांढरा धूर निघायचा, अख्खी गाडी थरथरायची आणि मग हळूहळू सूर लागायचा. एका मंगळवारी तर लागलाच नाही. शेजारच्या पिकअपच्या बॅटरीला जंपर केबल लावून गाडी सुरू केली आणि निघालो. अण्णा मागच्या सीटवर घोंगडी पांघरून गप्प बसून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी गॅरेजला नेली आणि इथंच पहिली चूक झाली. दुपारी अठ्ठावीस अंशात, त्यातही पाच किलोमीटर चालून आलेली गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते. तिथं म्हणाले, बॅटरी साडेचार वर्षांची झाली, टाकून द्या. मीटर लावला नाही, टेस्टर लावला नाही. ५,४०० रुपये देऊन नवी बसवली, जुनी एक्स्चेंजमध्ये गेली. तिसऱ्या पहाटे पुन्हा तेच घर्र घर्र. म्हणून तळमळीने सांगतो: थंडीची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला लावून या आणि पहाटे इंजिन गार असतानाच तपासायला लावा. गरम इंजिनावर हा आजार दिसतच नाही.

शेवटी ज्यांनी दुरुस्त केली ते आमच्या गावाकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या वायरिंगमध्ये तीस वर्षं काढलेली, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पहाटे सहाला स्वतःच्या मोटारसायकलवर आले. म्हणाले, "बॉनेट नंतर उघडू. तू आधी सेल्फ मार, मला आवाज ऐकू दे." दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "दोन दुखणी आहेत. एक करंटचं, एक गरमीचं."

मला ह्या अनुभवातून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. गाडी 'उशिरा सुरू होते' असं आपण म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. सेल्फ हळू, दमल्यासारखा फिरत असेल तर दोष विजेच्या वाटेत असतो: बॅटरी, टर्मिनल, केबल, अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनच्या धातूशी जोडणारी पट्टी) किंवा सेल्फ स्वतः. जाड ऑइलही त्यात भर घालतं. सेल्फ झपझप फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, असं असेल तर करंट ठीक आहे. हीटर प्लग, डिझेल फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) हे बघायचं. माझ्या गाडीत दोन्ही एकत्र होतं, म्हणून नुसत्या बॅटरीनं भागलं नाही.

आधी करंट. चाचांनी मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर लावला: रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. सेल्फ मारताना तो १०.९वर आला. सेल्फ मारताना ९.६च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यायचा. इथं तसं नव्हतं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर धरून मला सेल्फ मारायला लावला. आकडा आला १.४ व्होल्ट. अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच, इथं तर जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच मरत होता. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, त्यामुळे जोडात जरासा गंज असला तरी सेल्फपर्यंत पुरेसा जोर पोचत नाही.

अर्थची पट्टी खाली गिअरबॉक्सला बोल्टनं आवळलेली असते. चाचांनी ती सोडून माझ्या हातात दिली. वरून तांबं चकचकीत, पण बोल्टखालची कडी उलटवली तर तिथं पोपटी हिरवी भुकटी, बोटाला चिकटणारी. निम्म्या तारा त्या कडीपाशी तुटून केसांसारख्या पसरलेल्या. नवी पट्टी, बसायची जागा पॉलिश पेपरनं घासून पांढरी केली, बोल्ट आवळून वर व्हॅसलिनचा हात. पुन्हा मोजलं तर ०.२. ह्या कामाचे मटेरियलसह ४५० रुपये झाले, आणि बॅटरीच्या ५,४००नं जे झालं नव्हतं ते इथं झालं. सेल्फचा आवाजच बदलला.

आता गरमी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात डिझेल पडलं की पेट घेतं. पहाटेच्या गारठ्यात सिलिंडरचं लोखंड ती उष्णता शोषून घेतं, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो, काही सेकंदांत लाल होणारा. मीटरवर चांगला प्लग एक ओहमच्या आत दाखवतो. माझ्या चारपैकी तीन प्लगना मीटरनं काहीच दाखवलं नाही, म्हणजे आतली तारच तुटलेली. आणि इतके दिवस डॅशबोर्डवरचा हीटर प्लगचा पिवळा, कॉइलच्या चित्राचा दिवा मात्र रोज नियमानं लागायचा आणि विझायचा! चाचांनी सांगितलं की माझ्या गाडीत तो दिवा टायमर आणि कूलंटच्या तापमानावर चालतो. प्लग खरोखर तापलेत की नाही, हे त्याला कळत नाही. मी त्या दिव्यावर विश्वास ठेवून होतो.

प्लग काढणं नाजूक काम आहे. कार्बननं धरलेला प्लग जोर लावला तर हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातच तुटतो आणि मग हेड उतरवण्याची वेळ येते. चाचांनी आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला, दुसऱ्या दिवशी इंजिन गरम असताना पाना हळूहळू पुढेमागे करत तीन सोडवले. चौथा हलेना, पण मीटरवर तो चांगला होता, म्हणून त्याला हात लावला नाही. तीन प्लगचे २,७०० रुपये, मजुरी वेगळी. चारही एकदम बदलावेत हे बरोबरच आहे. पण चांगल्या प्लगपायी हेड धोक्यात घालायचं नाही हा त्यांचा निर्णय मला पटला.

त्याच महिन्यात ऑइल बदललं. मागच्या सर्व्हिसला १५डब्ल्यू-४० भरलेलं होतं, मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. फरक किती पडला हे वेगळं काढून सांगता येणार नाही, कारण तोवर अर्थ आणि प्लग झाले होते, पण पहिल्या दोन-तीन सेकंदांची वरची टकटक नक्की कमी झाली.

एकानं मला ठामपणे सांगितलं होतं की तुमचं डिझेलच गोठतंय. लडाखमध्ये गोठतं, म्हणून तर इंडियन ऑइलनं २०१९मध्ये तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. निफाडच्या पाच-सहा अंशांत डिझेलला दोष द्यायचं कारण नाही. दुसरा सल्ला इंजिनवर गरम पाणी ओतायचा आणि तिसरा एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायचा. हा तिसरा तर अजिबात ऐकू नका. हीटर प्लग लाल असताना तो वायू भलत्या वेळी भडकतो, पिस्टनच फुटू शकतो.

चौदा महिन्यांचा अनुभव असा. मागचा उरलेला हिवाळा आणि यंदाचा पूर्ण, एकदाही जंपर लागला नाही. दहा अंशांपर्यंत पहिल्याच सेल्फला सुरू. सहाच्या खाली गेलं तर किल्ली एकदा ऑन करून दिवा विझू देतो, बंद करून पुन्हा ऑन, आणि मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ; दोन-तीन सेकंद खरखर होते, थोडा पांढरा धूर येतो, मग शांत. हेडलाइट आणि ब्लोअर इंजिन सुरू झाल्यावरच लावतो. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त ओढत नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबतो.

बॅटरीबद्दल एक सांगायचं राहिलं. तिचं खरं नुकसान उन्हाळ्यात होतं. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत आतल्या प्लेटा झिजतात, आणि ते उघडं पडतं डिसेंबरात, कारण गारठ्यात तिची ताकद तशीच कमी होते आणि इंजिन जास्त मागतं. म्हणून मी आता दिवाळीनंतर लगेच व्होल्टेज मोजतो. साधा मल्टिमीटर साडेतीनशे रुपयांना मिळाला, गाडीतच असतो.

गेल्या शुक्रवारी पहाटे बागेतल्या शेकोट्या अजून धुमसत होत्या, काचेवर दवाचा जाड थर. मीटरवर १२.६१. अण्णांना बसवलं, दार लावलं, किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. अण्णा म्हणाले, "हीटर लाव रे जरा." सातला दहा कमी असताना आम्ही सेंटरवर होतो. तो चौथा जुना प्लग एप्रिलमध्ये काढायचं चाचांशी ठरलंय, गाडी नाशिकहून गरम येईल त्याच दिवशी.