वाळूज एमआयडीसी: गेटसमोरची मावशींची टपरी
वेतनकराराची बोलणी अडकलीत, संप चालू आहे, म्हणून सध्या आमची बैठक इथंच. चहात आलं ठेचून घालतात, पोह्यांवर शेंगदाणे सढळ हातानं. भजे मात्र बऱ्याचदा गार. मावशी संपातल्या पोरांची उधारी वहीत मांडतात, पगार सुरू होईस्तोवर मागणार नाही म्हणाल्या. आजच्या दिवसांत एवढं कोण करतं? बाकावर विषय एकच: पगारवाढ, आणि त्याआधी कंत्राटी पोरांना कायम करा. काही जुने कामगार म्हणतात, जास्त ताणू नका. मला पटत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, ती युनियननं दिली होती. आता टेबलावर मॅनेजमेंटनं यावं. शेजारच्या कंपन्यांची शिफ्ट सुटली की जागा मिळत नाही, त्याआधी या.