रस्ट कन्व्हर्टर वापरून काही महिने झाले: काय टिकलं, काय पुन्हा फुगलं

रस्ट कन्व्हर्टर म्हणजे गाडीच्या पत्र्यावरच्या गंजावर लावायचं, गंजाचा स्थिर थर करणारं द्रव. आधी निकाल सांगतो. मागच्या चाकाच्या कमानीवरच्या आणि बॉनेटच्या पुढच्या कडेच्या गंजाच्या डागांवरचं काम टिकलं आहे, हात फिरवला तरी काही लागत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या अगदी खालच्या कडेला मात्र रंगाखाली पुन्हा बारीक फुगे आलेत. कन्व्हर्टर एकच, प्रायमर तोच, रंग एकाच डब्यातला. फरक होता तो पत्र्याच्या मागच्या बाजूचा, आणि त्याबद्दल बाटलीवर एक अक्षरही छापलेलं नसतं.

मी घेतलं ते टॅनिक आम्लाचं, पांढरट आणि थोडं दाटसर. गंजावर ब्रशने लावलं की तो भाग हळूहळू निळसर काळा पडतो. टॅनिक आम्ल आणि गंजातलं लोह यांचं आयर्न टॅनेट होतं, त्याचा तो रंग. फॉस्फरिक आम्लाचंही मिळतं, त्याने करडा थर येतो. काळं पडताना बघायला मजा येते हे खरं, पण फसगत तिथेच होते. द्रव वरच्या थरात मुरतो, जाड पोपडा असेल तर वर काळं आणि खाली तांबडं तसंच राहतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तर रंगाला फुगे येतात. खाली उरलेला गंज वाढला की वरचं प्रायमर, रंग, लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) सगळं उचलून टाकतो.

म्हणून माझ्या मते या कामात खरवडण्याला सगळ्यात जास्त मार्क आणि बाटलीला सगळ्यात कमी. फुगा नखाएवढा दिसतो, पण रंग काढत गेलात की गंज त्याच्या दुप्पट-तिप्पट पसरलेला निघतो. चांगला, घट्ट धरलेला रंग लागेपर्यंत मागे सरकायचंच. वायर ब्रशने पोपडे काढायचे, मग 80 नंबरचा सँडपेपर, नंतर 120, 240, शेवटी 320. कडेचा रंग बोटाला पायरी लागणार नाही इतका उतरता करायचा, नाहीतर रंगाखालून ती रेघ कायम दिसते. ग्राइंडर हाताशी असेल तर मोह होतो, पण बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. एका जागी चाक धरलं की तो तापून लहरतो. शिवाय बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, तो गंजाआधी स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. गरजेपेक्षा जास्त घासलं की ते संरक्षणही गेलं.

इतकं केल्यावर कन्व्हर्टरला काम उरतं ते फक्त पेपर पोचत नाही अशा खोल खड्ड्यांत. चकचकीत पत्र्यावर टॅनिक आम्लाला बदलायला गंजच नसतो. त्यामुळे छोटी बाटली पुरून उरते, मोठी घेऊ नका. फॉस्फरिकवालं वापरणार असाल तर धुवायचं की नाही हे लेबलवर नीट वाचा, कारण आम्लाचा अंश राहिला तर वरचं इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही.

प्रायमर इपॉक्सीच घ्या असं मी ठामपणे सांगेन. साधं सरफेसर सच्छिद्र असतं, ओल शोषतं. तो थर घासून गुळगुळीत करण्यासाठी आहे, पाणी अडवायला नाही. पॉलिएस्टर पुट्टीही ओल धरते, त्यामुळे खड्डा भरायचा तर आधी इपॉक्सी, वर पुट्टी. उघड्या किंवा गंजक्या पत्र्यावर पुट्टी थापून वरून रंग मारलेली गाडी बाहेर पडते तेव्हा झकास दिसते, पुढच्या पावसात सांगते काय ते. आणि हवा दमट असताना यातलं काहीच करू नका. गार पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल जमते आणि ती रंगाखाली कोंडली जाते.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोड दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनच्या कप्प्यातल्या पट्टीवर मिळतो. माझी गाडी चंदेरी आहे, आणि मेटॅलिक रंगात कोड बरोबर असला तरी डाग लपत नाही, कारण त्यातले ॲल्युमिनियमचे कण फवाऱ्याच्या कोनाप्रमाणे आणि ओलेपणाप्रमाणे बसतात. सरळ समोरून दिसत नाही, तिरप्या उन्हात कमानीवर ठिगळ ओळखू येतं. मला चालतं. हार्डनर मिसळायचं टू-के लॅकर हार्डनर न लागणाऱ्या वन-केपेक्षा खूप टिकाऊ, पेट्रोल सांडलं तरी मऊ पडत नाही. पण त्यात आयसोसायनेट असतं, साधा कापडी मास्क लावून ते फवारणं म्हणजे फुफ्फुसांशी खेळ. योग्य श्वसनमास्क नसेल तर ते काम पेंटरकडे सोपवा.

आता त्या दाराचं. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडून दाबलेला असतो. काचेच्या रबरातून झिरपणारं पाणी त्या दुमडीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं, पण ती भोकं चिखलाने बुजली की पाणी तिथेच मुक्काम करतं. म्हणजे गंज आतून बाहेर येत होता आणि औषध बाहेरून चाललं होतं. भोकं तारेने मोकळी केली, आतून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं, गंज रोखणारं मेण) मारलं, तेव्हापासून फुगे वाढायचे थांबल्यासारखे दिसतात. दुमडीच्या आतला जुना गंज कन्व्हर्टरने जात नाही. तो थोपवता येतो, काढायचा तर पत्रा उघडावा लागतो.

दाराच्या खालचा सिल, जॅक लावायची जागा, सीटबेल्टचे बोल्ट, चेसिस इथे गंज असेल तर या बाटलीकडे वळूच नका. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आणि टोकाने दाबून बघा. आवाज बसका आला किंवा टोक आत गेलं, तर कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं एवढाच उपाय.

पांढऱ्या गाडीवरचे सुईच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके मात्र बहुतेक वेळा पत्र्याचा गंज नसतो, ब्रेकची लोखंडी भुकटी रंगावर चिकटून गंजलेली असते. त्यासाठी आयर्न रिमूव्हर पुरतं, पेपर लावून चांगला रंग घालवू नका.

मी हीच बाटली पुन्हा घेईन का? घेईन, पण खरेदीच्या यादीत कॅव्हिटी वॅक्स तिच्या वर असेल. दाराची ती कड मी पुन्हा खरवडायला घेणार आहे, फक्त या वेळी आतली बाजू कोरडी झाल्याची खात्री आधी आणि रंगाचा डबा नंतर.